आजच्या अंगाचं माप

माझ्या मावशीकडे येणाऱ्या निम्म्या बायका स्वतःचे कपडे शिवायला टाकतच नसत. महिन्याभराने उगवणार असलेल्या कुठल्यातरी वेगळ्याच बाईचे कपडे टाकत. "थोडं घट्टच शिवा हं, मी बारीक होणार आहे," हे वाक्य मी तिच्या दुकानात इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला उबग आलाय. मावशी ओठांत धरलेल्या टाचण्या न काढता म्हणायची, "झालात की या, आत घेऊन देईन. मी आजच्या अंगाला शिवते." बाई हिरमुसायची, दुसरीकडे जाते म्हणायची आणि जायची नाही. मावशीसारखा खांदा त्या भागात दुसऱ्या कोणाला बसवता येत नव्हता.

तिचा हा ताठा जुना आहे. एकोणिसाव्या वर्षी ती एका मोठ्या शिवणदुकानात कामाला लागली. तिथे मास्तर टेप लावून आकडे ओरडायचा आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मावशी ते लिहायची. छाती अमुक, कंबर तमुक, सगळं दणदणीत आवाजात. एकदा एक कॉलेजची मुलगी आली. मास्तर ओरडला, "कंबर चव्वेचाळीस!" आणि वर म्हणाला, "टेप संपतोय बरं का." रांगेतली माणसं हसली. ती मुलगी माप अर्धवट टाकून निघून गेली. मावशीने वही मिटली, मास्तरच्या टेबलावर ठेवली आणि "उद्यापासून तुमचं तुम्ही ओरडा नि तुमचं तुम्ही लिहा" असं सांगून तीही निघाली. तिचं स्वतःचं दुकान सुरू झालं ते त्या रागावर. रस्त्याकडेची एक खोली, खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं लांब टेबल, आणि नियम एकच: आकडा तोंडातून बाहेर काढायचा नाही. माप तीच घेणार, तीच लिहिणार, आणि लिहून झालं की वही पालथी. कुणी स्वतःचाच आकडा विचारला तरी म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय? कपडा बसला म्हणजे झालं." कायम गळ्यात टेप, म्हणून गल्ली तिला टेपबाई म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नसे.

जुनं माप वापरायचं नाही, हाही तिचा हट्ट. बाई तीच असली, कालच येऊन गेलेली असली, तरी माप नवीन. तारीख टाकून नव्या पानावर. चौतीस वर्षांच्या अशा वह्या कपाटात रचलेल्या आहेत. नाव न घेता ती कधीकधी बोलायची. अमकी उपास करून दोन इंच उतरली, मी तिचे सगळे कपडे आत घेतले. वर्षाने आली तेव्हा तीन इंच वाढली होती. आत घेताना आली तेव्हा साऱ्या गल्लीला सांगून आली. सैल करायला आली तेव्हा दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना. म्हणून मावशी प्रत्येक शिवणीत दोन बोटं जास्त माया सोडायची, पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून जादा कापड आत दुमडून ठेवायची. त्या बायका फोनवर एकमेकींना जे सल्ले पाठवत असत, त्यात "वर्षाने काय झालं" हे कधीच लिहिलेलं नसायचं. मावशीच्या वहीत तेवढंच लिहिलेलं होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. अगदी लहानपणापासून. तरीसुद्धा मी जे केलं ते केलं.

माझी आई मावशीची धाकटी बहीण. मावशी तिला छोटी म्हणते, आणि आई अंगाने मावशीच्या दुप्पट असल्याने हे ऐकून लोक हसतात. आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तीनशे मुलांचं जेवण. ओट्यापासून वाढपाच्या खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून धुण्याच्या हौदापर्यंत दिवसभर तिची ये-जा चालते, दोन्ही हातांत पातेली. सकाळी साडेसहाला उभी राहिली की दोनपर्यंत बूड टेकत नाही. अंगावर पांढरा कोट, पूर्ण बाह्यांचा, शाळेच्या नियमाप्रमाणे. दर वर्षी शाळा सुरू होताना मावशी तिला असे दोन कोट शिवून देते.

त्या वर्षी शाळा सुरू झाली आणि आईची कुरकुर सुरू झाली. दोन घास खाल्ले की पोट भरतं. पाठ धरते. दमायला होतं. आमचे नेहमीचे डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी आईला काट्यावर उभं केलं, चौऱ्याऐंशी आकडा पाहिला आणि त्यांचं निदान झालं. "वजन कमी करा, सगळं थांबेल. हालचाल वाढवा. रोज दहा हजार पावलं. रात्रीचं जेवण बंद." आई म्हणाली, "दोन घासांत पोट भरतं हो माझं." तर म्हणाले, "मग बरंच आहे की!" आणि स्वतःच्या विनोदावर खूश झाले. हालचाल वाढवा! त्या माणसाने आयुष्यात तीनशे मुलांच्या आमटीचं पातेलं उचललेलं नाही.

पण डॉक्टरला काय बोलू, मी तर घरचीच. मी विम्याच्या कचेरीत बसते, आठ तास, खुर्चीत. तिथे पावलांची स्पर्धा चालू होती. मी आईला मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं, मोठ्या कौतुकाने. समोरच्या काकू आधीपासूनच या पंथातल्या. त्यांना आम्ही पावलंकाकू म्हणायचो. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप, प्रत्येक घास बत्तीसदा चावा, आणि भूक लागली तर ती भूक नसून तहान असते, असं त्या सांगायच्या. भूक ही भूक नसते म्हणे! मग ती असते कशाला? पण तेव्हा मी मान डोलावली. स्वयंपाकघरातून दोन वाजता सुटलेली आई चारला पुन्हा चालायला बाहेर पडायची, कारण घड्याळात शाळेतली पावलं सात हजार भरत आणि मला दहा हवी होती. चालण्यावर माझा राग नाही. माणसाने चालावं, खुशाल चालावं. पण मी पायांवर उभं राहून दमलेल्या बाईला दमत नाहीस म्हणून बाहेर हाकलत होते.

दोन महिन्यांनी काटा पुन्हा चौऱ्याऐंशी. आईने खाणं निम्म्यावर आणलं होतं. गाल बसायला लागले होते, आणि भेटेल तो "छान, चेहऱ्यावर दिसतंय हं" म्हणत होता. काटा मात्र जागचा हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात. चोरून काहीतरी खाताय." घरी आल्यावर मी तिची पिशवी उपसली. हो, पोलिसासारखी, तिच्यासमोर. तळाशी बिस्किटांचा पुडा निघाला, दोन कमी असलेला. "चक्कर आली गं परवा हौदापाशी," ती म्हणाली, "म्हणून दोनच खाल्ली." मी तो पुडा कचऱ्यात टाकला आणि वर तिला इच्छाशक्ती या विषयावर ऐकवलं. बत्तीस वर्षांच्या मुलीने त्रेपन्न वर्षांच्या आईला. ते आठवलं की अजून माझ्या कानशिलांत जाळ होतो.

त्याच आठवड्यात आई गुपचूप मावशीकडे गेली. हे मला फार पुढे कळलं. कोटाची पोटावरची दोन बटणं लागत नव्हती. "ताई, कोणाला सांगू नकोस," आई म्हणाली. "एवढी उपाशी राहते तरी हे पोट बघ. लेकीला कळलं तर तिला वाटेल मी फसवते." मावशीने टेप लावला, लिहिलं, वही पालथी केली. पोटावर दोन इंच वाढले होते. दंडाचा घेर अर्ध्या इंचाने उतरला होता. तिने बाजूच्या शिवणी उसवल्या, पोटाला कापड सोडलं, बाह्या आत घेतल्या. कोट असा चापूनचोपून बसला की शाळेत कोणालाच काही दिसलं नाही. मलाही नाही. आकडा तोंडातून काढायचा नाही हा मावशीचा नियम, आणि धाकट्या बहिणीची शपथ. ती गप्प बसली.

आणखी दोन महिन्यांनी आई पुन्हा गेली. पुन्हा तीच दोन बटणं. मावशीने माप घेतलं आणि लिहिताना तिचा हात थांबला. मग तिने एक गोष्ट केली जी ती गिऱ्हाईक समोर असताना कधी करत नाही. कपाटातून मागची वही काढली, आणि टेबलावर चार पानं शेजारी शेजारी उघडून ठेवली.

मला कचेरीत फोन आला. मावशी फोनवर फार बोलत नाही, आणि ओरडत तर कधीच नाही. त्या दिवशी ओरडली.

"आहेस तशी निघ. डॉक्टरकडे ये."

"काय झालं? आई पडली का?"

"ये म्हटलं ना! त्या घड्याळाच्या नादात आंधळ्या झालात सगळ्या. आणि मी पण."

भर दुपारी दुकानाचं दार ओढून ती आईला हाताला धरून घेऊन आली होती. गळ्यात टेप तसाच, बोटांना खडू. आई रडवेली. "ताई, राहू दे ना, पुन्हा ओरडतील ते," असं पुटपुटत होती. आत गेल्या गेल्या डॉक्टरांनी सवयीने काट्याकडे बोट केलं. मावशी म्हणाली, "काटा राहू दे. हे वाचा." आणि वह्या त्यांच्या टेबलावर मांडल्या.

"हे काय आहे?"

"हिचं माप. मागच्या वर्षी पोट एकेचाळीस, दंड साडेचौदा. शाळा सुरू होताना त्रेचाळीस आणि चौदा. मग पंचेचाळीस आणि साडेतेरा. आज साडेसत्तेचाळीस आणि साडेबारा." आयुष्यात मी तिच्या तोंडून कोणाचाही आकडा पहिल्यांदा ऐकत होते. आईने मान खाली घातली.

डॉक्टर हसले. "अहो, पोटावरच चरबी साठते बायकांच्या या वयात. यासाठीच सांगतो व्यायाम..."

"हातावरची वाळते आणि पोटावर चढते? रस्ता कोण दाखवतं तिला?"

"हे बघा, मी शिंप्याकडून निदान शिकत नाही."

"मग शिकू नका, पण ऐका." मावशीचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत जात होता. "चौतीस वर्षं मी बायकांची अंगं मोजते. बाई बारीक झाली की सगळीकडून होते, थोडी इथे थोडी तिथे. जाड झाली की तशीच. हात वाळतायत आणि पोट वाढतंय, असं माप मी फक्त पोटुशी बाईचं लिहिलंय. ही त्रेपन्नची आहे. हिच्या पोटात मूल नाही. मग काय आहे ते सांगा! चार महिन्यांत तुम्ही हिला दोनदा काट्यावर चढवलंत. एकदा तरी पोटाला हात लावलात?"

डॉक्टर लाल झाले. पण दार उघडं होतं आणि बाहेरचे लोक माना वळवून बघत होते. त्यांनी आईला आडवं व्हायला सांगितलं आणि पहिल्यांदा तिच्या पोटावर हात ठेवला. एकदा दाबलं. मग दुसऱ्या बाजूने दाबलं. चिठ्ठी लिहिताना त्यांनी मावशीकडे बघितलं नाही. सोनोग्राफी, आजच्या आज.

अंडाशयाची गाठ होती. भोवती पाणी साठलेलं. आई झिजत होती तेवढीच ती वाढत होती, म्हणून काटा जागचा हलत नव्हता. काटा खोटं बोलत नाही म्हणे. काट्याला कोणी विचारलं होतं का, की यातली बाई किती आणि गाठ किती? मोठ्या दवाखान्यातल्या बाईडॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "पोट कधीपासून वाढतंय?" मला सांगता येईना. मी रोज तिच्याबरोबर राहत होते, तिची पावलं रोज बघत होते, आणि मला सांगता येईना. मावशीने वही पुढे केली. त्या बाईंनी तारखा आणि आकडे स्वतःच्या हाताने केसपेपरवर उतरवून घेतले. "एवढं नीट कोणी लिहून आणत नाही," त्या म्हणाल्या. मावशीला ते कौतुक सहन झालं नाही. ती बाहेर जिन्यात जाऊन बसली.

मी मागोमाग गेले. ती टेप बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"मला दोन महिने आधी कळलं होतं," ती म्हणाली. "कळलं म्हणजे, हाताला कळलं होतं. मी काय केलं? कोट सैल करून दिला. वाईट शिवणारी असते ना मी, तर बटणं तटतटली असती, शाळेत कोणीतरी विचारलं असतं, छोटे, हे काय गं? मी इतका झकास बसवला की कोणी बघितलंच नाही."

"मावशी, तू नसतीस तर..."

"मला समजावू नकोस. तू पुडा फेकलास, मी कोट बसवला. दोघी सारख्याच."

ऑपरेशन झालं. गाठ आणि पाणी मिळून अकरा किलो निघालं. बाईडॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: गाठ थोडी पसरली आहे, औषधं द्यावी लागतील, सहा खेपा. औषधं जोराची आहेत, आणि ती पेलायला अंगात ताकद हवी. हिने खाल्लंच पाहिजे, वजन आणखी उतरलं तर खेपा थांबवाव्या लागतील. ते ऐकून मावशीने दुकानाला कुलूप लावलं ते आजतागायत. दाराशी बायका येतात, कुलूप बघून परत जातात. काहींची अर्धी कापलेली कापडं आत पडून आहेत.

पावलंकाकू भेटायला आल्या होत्या. येताना फळं घेऊन आल्या, डोळ्यांत पाणी आणून बसल्या, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक मात्र आहे, बारीक छान दिसतेय." त्या बाईचा काही वाईट हेतू नव्हता. म्हणूनच मला काय करावं कळेना. वाईट हेतू असता तर चार शिव्या हासडल्या असत्या. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि येताना माझे दात दुखत होते, इतके मी ते आवळले होते.

परवा दुसरी खेप झाली. औषध वजनाच्या हिशेबाने द्यायचं असतं, म्हणून नर्स आधी काट्यावर उभं करते. एका बाजूने मी धरलं होतं, दुसऱ्या बाजूने मावशीने. डोक्यावर केस राहिलेले नाहीत, गळ्याची हाडं वर आलेली. नर्सने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "सदुसष्ट."

आईचा चेहरा फुलला. खरोखर फुलला. इतक्या महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. "सदुसष्ट? बघ, झालं की नाही! तू व्हायच्या आधी होतं एवढं." आणि काट्यावरून उतरता उतरता माझ्या कानात म्हणाली, "समोरच्या काकूंना सांग हं."

मावशीच्या तोंडातून शिवीच निघाली. नर्सने दचकून वर बघितलं. मला त्या काट्याला लाथ घालावीशी वाटली, त्या डॉक्टरला इथे आणून हे हसू दाखवावंसं वाटलं, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मरणाच्या दारातून माझी आई जिंकल्यासारखी हसत होती, आणि हे जिंकणं तिला मी शिकवलं होतं.

दुपारी सूप आलं आणि मऊ पाव. आईने दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवली.

"बास."

"बास काय? दोन चमचे?" मावशी म्हणाली.

"आता उतरलंय एवढं तर पुन्हा चढायला नको, ताई."

मावशीने वाटी उचलली. पाव कुस्करून सुपात घातला, चमचा भरला आणि आईच्या तोंडाशी नेला. "छोटे, तोंड उघड."

आईने तोंड उघडलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"तिच्याकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ. तोंड उघड."

"खा ना, आई," मी म्हणाले. "हवं तेवढं खा."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. चमचा तसाच ओठांशी होता, सूप मावशीच्या मनगटावर ओघळत होतं, आणि आई मला हळूच विचारत होती, "नक्की? चालेल ना?"